पुरण आणि सारण : भरल्या पदार्थांची जुनी गोष्ट

आज सणाचा दिवस नसेल, तरी क्षणभर असे समजा की घरात पुरणाचा घाट घातलेला आहे. हरभऱ्याची डाळ शिजून बोटचेपी झाली आहे, पातेल्यात गूळ विरघळतो आहे, जायफळाचा वास माजघरापर्यंत येऊन पोचला आहे. मुले उगीचच स्वयंपाकघरात फेऱ्या घालीत आहेत. अशा वेळी कोणी आपल्याला विचारले, ‘का हो, ही पुरणाची पोळी किती जुनी? ती आधी कोणी केली?’ तर आपण काय सांगू? ‘आमच्या आजीपासून चालत आलेली आहे’ असे सांगू. आणि आजीला विचारले, तर तीही आपल्या आजीचेच नाव सांगेल.

राजांच्या लढायांचा इतिहास लिहिला गेला, तहांचा लिहिला गेला, देवळांचा लिहिला गेला. चुलीचा इतिहास मात्र लिहायचा राहून गेला. म्हणून आज आपण त्याचा एक लहानसा भाग पाहू या. विषय आहे पोटात काहीतरी भरून करायच्या पदार्थांचा : पोळी, मांडे, मोदक, करंजी, भरली वांगी, भरलेला बांगडा. पदार्थ रोजचे, पण त्यांच्या पोटात काय काय दडले आहे, हे पाहिले म्हणजे आश्चर्य वाटते.

प्रथम शब्दच घ्या. ‘पुरण’ हा शब्द संस्कृत ‘पूरण’ म्हणजे भरणे यावरून आला. म्हणजे डाळीचे, गुळाचे नाव त्यात कुठेच नाही. भरण्याची क्रिया तेवढी आहे. दुसरा शब्द ‘सारण’. करंजीत, मोदकात घालतो ते सारण. आपल्या बायकांनी या दोन शब्दांची वाटणी कशी चोख केली आहे पाहा. शिजवून, वाटून एकजीव केलेले ते पुरण. खोबरे, खसखस, तीळ, रवा असे मोकळे किंवा दाणेदार ते सारण. व्याकरणाच्या पुस्तकात हा भेद सापडायचा नाही, पण स्वयंपाकघरात कोणाची चूक होत नाही.

आता जुना लेखी पुरावा पाहू. कल्याणीच्या चालुक्य घराण्यात तिसरा सोमेश्वर नावाचा राजा होऊन गेला. कल्याणी म्हणजे आजच्या कर्नाटकातील बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण. त्या काळी आपल्या महाराष्ट्राचा मोठा भाग याच घराण्याच्या सत्तेखाली होता. या सोमेश्वराच्या नावावर ‘मानसोल्लास’ नावाचा मोठा संस्कृत ग्रंथ आहे. त्याचे दुसरे नाव ‘अभिलषितार्थचिंतामणि’. ग्रंथाचा काळ सुमारे ११२९. राजाने राज्य कसे करावे इथपासून हत्ती, घोडे, संगीत, खेळ, सगळे काही त्यात आहे. आणि ‘अन्नभोग’ या प्रकरणात राजाच्या ताटातले पदार्थही आहेत.

या प्रकरणात ‘मंडक’ हा पदार्थ आहे. गहू धुऊन, वाळवून, दळून त्याचे चाळलेले पीठ घ्यायचे, तूप-मीठ घालून मळायचे, गोळे करून हातावर पसरायचे आणि तापलेल्या खापरावर टाकायचे. हे वाचताना खानदेशातल्या वाचकांना नक्कीच हसू आले असेल. कारण हेच तर त्यांचे मांडे! उपडे घातलेले मातीचे खापर चुलीवर तापलेले, आणि बाई हातावर मांडा फिरवून फिरवून पंख्याएवढा करते आहे, हे दृश्य खानदेशात अजूनही पाहायला मिळते. संस्कृत ‘खर्पर’ म्हणजेच आपले खापर. तिथले मांडे पुरणाचे असतात. बेळगावकडचे मांडे वेगळे; त्यांत साखर, तूप, खवा. पण नाव एकच, आणि ते नाव निदान नऊशे वर्षे जुने. मुक्ताबाईंना मांडे भाजायला खापर मिळू दिले नाही, तेव्हा ज्ञानेश्वरांनी आपली पाठ तापवून दिली, ही आख्यायिका घरोघर ठाऊक आहे. आख्यायिका म्हणून ती बाजूला ठेवली, तरी मांडा हा सामान्य घरातही किती हवाहवासा पदार्थ होता, हे तिच्यावरून कळते. आपण ‘मनात मांडे खातो’, ते काही उगीच नाही.

मानसोल्लासातला दुसरा पदार्थ त्याहून गमतीचा आहे. त्याचे नाव ‘पूरभट्टाक’. वांग्याच्या देठाजवळ भोक पाडायचे, आतला गर-बिया काढून टाकायच्या, पोकळीत मसाला लावलेले बारीक मांस भरायचे आणि ते वांगे तेलात शिजवायचे. म्हणजे भरले वांगेच की! पण हे राजाचे वांगे, त्यात मांस. वांगे हे आपल्याच देशातले फळ, इथे फार पुरातन काळापासून पिकत आलेले. त्याच सुमारास एखाद्या साध्या घरात वांग्याला चिरा देऊन कोणी तीळ-खोबरे भरीत होते का? भरीत असेलही. पण तिचे वांगे कोणी लिहून ठेवले नाही. राजाचे तेवढे लिहिले. हा मुद्दा मनात असू द्या. आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

आता थोडे भूगोलाकडे वळू. देशावर गहू, ज्वारी, बाजरी, कोकणात तांदूळ. त्यातही गहू हा गरिबाच्या घरी सणाचाच. म्हणून देशावर सणाचा पदार्थ म्हणजे गव्हाच्या कणकेत हरभऱ्याचे पुरण. होळी असो, बैलपोळा असो, नैवेद्याला पुरणाचीच पोळी. संक्रांतीला त्याच कणकेत तिळगुळाचे सारण गेले, की झाली गुळपोळी. आणि शिरा-सांजा गेला, की झाली सांज्याची पोळी. कोकणात मात्र तांदळाच्या पिठीची उकड, आत ओले खोबरे आणि गूळ, म्हणजे उकडीचा मोदक. देशावर ओला नारळ दुर्मिळ, म्हणून तिकडे कणकेचे तळलेले मोदक आणि आत सुके खोबरे. एकाच गणपतीचे दोन नैवेद्य. भेद श्रद्धेचा नव्हे, पिकाचा.

मोदकाबद्दल एक सावधगिरीची गोष्ट सांगायला हवी. प्राचीन गणेशमूर्तींच्या हाती मोदकाचे पात्र दिसते हे खरे. पण संस्कृतात ‘मोदक’ म्हणजे लाडूही. तेव्हा दगडातल्या त्या मोदकाच्या आत सारण होते की नाही, हे मूर्तीवरून ठरवता येत नाही. कळ्या पाडून, नाकाचे टोक काढून, हळदीच्या पानावर वाफवलेला आपला मोदक थेट पुराणकाळातला, असे छातीठोकपणे सांगण्यात अर्थ नाही. तो उत्तम आहे, एवढे पुरे आहे.

वाफवण्याचेही एक कारण ऐका. नागपंचमीला पुष्कळ घरांतून चिरायचे नाही, तळायचे नाही, तवा चुलीवर ठेवायचा नाही, असा नेम असतो. मग गोडधोड करायचे कसे? बायकांनी उपाय काढला. कणकेच्या पुरीत पुरण ठेवून, घडी घालून वाफवले, की झाली पुरणाची दिंडे. कोकणात नि गोव्यात हळदीच्या पानावर तांदळाचे पीठ पसरले, आत गूळ-खोबऱ्याचा चव घातला, पान मिटून उकडले. त्या झाल्या पातोळ्या. नेम पाळला गेला आणि मुलांचे तोंडही गोड झाले. शास्त्राची अडचण अशी स्वयंपाकघरात सुटत असते!

आणि याच पातोळ्या गोव्यातले ख्रिस्ती लोक १५ ऑगस्टला मारिया मातेच्या सणाला करतात. तीच हळदीची पाने, तोच गूळ-खोबऱ्याचा चव. करंजीचेही तसेच. गोव्यात तिला नेवरी म्हणतात. चवथीला ती हिंदू घरात होते आणि नाताळात ख्रिस्ती घरात. धर्म बदलला, देऊळ बदलले, प्रार्थनेची भाषा बदलली. पण पीठ, सारण आणि मुरड तीच राहिली. इतिहासाच्या पुस्तकात दोन समाज वेगळ्या प्रकरणांत असतात. इथे ते एका पानावर बसलेले आहेत, आणि ते पान हळदीचे आहे.

आता बाहेरून आलेल्यांची गोष्ट. समोसा हे नाव मूळ फारसी. ‘सांबुसा’, ‘सांबुसक’ अशी त्याची जुनी रूपे. चौदाव्या शतकात इब्न बतूता हा प्रवासी दिल्लीला मुहम्मद तुघलकाच्या दरबारी आला. पातळ पोळीत बदाम, अक्रोड, पिस्ते, कांदा आणि मसाला घातलेले बारीक मांस गुंडाळून तुपात तळलेला हा पदार्थ त्याने तिथल्या मेजवानीत पाहिला आणि लिहून ठेवला. पुढे माळव्यात मांडूच्या सुलतान घियासशाहाच्या पाकक्रियांचे ‘निअमतनामा’ हे फारसी पुस्तक सुमारे १५०० मध्ये तयार झाले. त्यात समोशाचे कितीतरी प्रकार आहेत, आणि चित्रेही आहेत. सुलतान बसलेला आहे, नि त्याच्यापुढे बायका रांधीत आहेत. चित्रात त्यांचे चेहरे आहेत, नावे नाहीत.

हे समोसे मांसाचे होते. त्यांत बटाटा नव्हता, कारण बटाटाच या देशात नव्हता. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला उतरला, १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतले, आणि त्यानंतर अमेरिका खंडातली पिके हळूहळू आपल्याकडे आली. मिरची आली, बटाटा आला, भुईमूग आला, टोमॅटो आला. बटाट्याला उत्तरेकडे ‘आलू’ म्हणतात. आपण ‘बटाटा’ म्हणतो, तो पोर्तुगिजांचाच शब्द. मिरचीला मात्र आपण घरचे नाव दिले. मिरी आपली जुनीच तिखट वस्तू; तिच्यावरून ही मिरची. परकी पोर घरात आली, नि आपल्याच मुलीच्या नावासारखे नाव घेऊन नांदू लागली.

आता जरा घरचे भरले वांगे पुढ्यात घ्या. लहान, कोवळी, काटेरी देठाची वांगी. कृष्णाकाठची मिळाली तर उत्तमच. देठ ठेवून चार चिरा द्यायच्या. देठ काढले तर शिजताना फाका सुटून येतात. चिरलेली वांगी मिठाच्या पाण्यात टाकायची, म्हणजे काळी पडत नाहीत. सारणात दाण्याचे कूट, तीळ, खोबरे, लाल तिखट, गोडा मसाला, चिंच, गूळ. भरून झाली की फोडणीत ठेवायची, वर झाकण, आणि झाकणात पाणी. हे पाणी कशाला? तर त्यामुळे झाकण थंड राहते, आतली वाफ त्याला लागून पुन्हा पाणी होते आणि थेंब थेंब वांग्यांवर पडते. भाजी करपत नाही, वरून पाणी ओतून सारण वाहूनही जात नाही. ही पदार्थविज्ञानाची गोष्ट शाळेत न गेलेल्या बायकांना अचूक ठाऊक होती.

पण त्या सारणाकडे पुन्हा पाहा. वांगे आपले, तीळ आपले, चिंच-गूळ कितीतरी जुने. आणि दाण्याचे कूट? अमेरिकेतले. तिखट? तेही अमेरिकेतले. भुईमुगाची शेती आपल्याकडे खऱ्या अर्थाने पसरली, ती तर एकोणिसाव्या शतकात. म्हणजे शिवाजी महाराजांच्या काळातल्या घरी आजच्यासारखे दाण्याच्या कुटाचे वांगे होत असेल, असे धरून चालता येत नाही. आणि सोमेश्वराच्या काळात तर तिखटपणा मिरी-आल्याचाच होता. ज्याला आपण ‘अस्सल मराठी’ म्हणून पाहुण्याला आग्रहाने वाढतो, त्याचे पोट असे अर्धेअधिक परदेशी आहे!

गोव्यात तर नावही परके आहे. बांगड्याच्या पाठीला दोन्ही बाजूंनी चीर देऊन आत लाल मिरच्या, लसूण, मसाला आणि व्हिनेगर यांचे वाटण भरतात. त्याला रेशाद म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज ‘रेशियादु’ म्हणजे ‘भरलेला’ यावरून आला. म्हणजे पोर्तुगीजांचे ‘रेशियादु’ आणि आपले ‘पुरण’ यांच्या मुळाशी कल्पना एकच. पण बांगडा इथल्या समुद्रातला, आणि भरणारा हात इथलाच.

यावरून एक गोष्ट लक्षात येते. भरला पदार्थ म्हणजे घरातला मोठा चतुर दरवाजा. बाहेर ओळखीचे आवरण ठेवायचे आणि आत नवे काही भरायचे. घरातली म्हातारी माणसे पान बघतात. पोळी पोळीसारखी दिसते, वांगे वांग्यासारखे दिसते. तक्रार करायला जागा नाही. दोन पिढ्या गेल्या, की ते नवे जुने होते. आणि आणखी दोन पिढ्यांनी त्याला ‘परंपरा’ म्हणतात. म्हणून कोणी अमुकच पाककृती खरी नि बाकीच्या भ्रष्ट असे म्हणू लागले, तर त्याला हळूच विचारावे, ‘आत दाण्याचे कूट आहे ना?’

भरण्याचे आणखी एक कारण काटकसर हे आहे. चार वांगी नुसती परतली तर दोन माणसांना पुरत नाहीत. भरून रसात सोडली, तर घर जेवते. पुरणाच्या डाळीचे वरचे पाणी म्हणजे कट. तो कोणी फेकून देत नाही, त्याची आमटी होते. उरलेल्या पुरणाच्या दुसऱ्या दिवशी करंज्या होतात. विदर्भात हिवाळ्यात कोथिंबीर स्वस्त झाली, की तिचेच सारण भरून सांबारवडी करतात. तिकडे ‘सांबार’ म्हणजे कोथिंबीर. उन्हाळ्यात मिरच्या चिरून, मेथी-हिंग-मीठ भरून वाळवल्या, की त्या पावसाळ्यात तोंडी लावायला होतात. जे मुबलक आहे ते आत, जे मोजके आहे ते बाहेर. किंवा याच्या उलट. हिशेब मात्र नेहमी असतो.

आणि श्रम? त्यांचा हिशेब कोण ठेवतो? पुरण पाट्यावर वाटायचे, म्हणजे खांदे भरून यायचे. पुढे पुरणयंत्र आले, मग मिक्सर आला; काम हलके झाले. पण वीस पानांची पंगत असली, की सगळ्यांच्या पानात ऊन पोळी पडेपर्यंत करणारी चुलीपुढेच असायची, नि तिच्या वाट्याला येई ती शेवटची, फाटकी पोळी. ही गोष्ट फार जुनी झाली, असे म्हणवत नाही.

आता मघाचा मुद्दा. हे सगळे ज्यांनी घडवले, त्यांनी ते लिहिले नाही. मानसोल्लास राजाचा. सतराव्या शतकात रघुनाथसूरी या महाराष्ट्रीय पंडिताने ‘भोजनकुतूहल’ हा ग्रंथ रचला, तोही संस्कृतात. छापील मराठी पुस्तके आली ती एकोणिसाव्या शतकात. १८७५ चे ‘सूपशास्त्र’ रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे. बाईच्या हातचे मोठे पुस्तक आले ते १९१० च्या सुमारास : लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया’. आणि १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ निघाले. त्यात मापे वाटी-चमच्याची होती, म्हणून लग्न होऊन परगावी, परदेशी गेलेल्या मुलींनीही ते पुस्तक सोबत नेले. म्हणजे पाहा, पोळी शतकानुशतके लाटली जात होती, पण लाटणारीची लेखणी चालू झाल्याला जेमतेम शंभर-सव्वाशे वर्षे झाली.

त्याआधीचे सगळे ज्ञान हातात होते, डोळ्यांत होते. पुरण शिजले हे कसे ओळखायचे, असे कोणत्याही आजीला विचारा. ती घड्याळ सांगणार नाही. ती सांगेल, ‘उलथने पुरणात उभे करून पाहा. उभे राहिले, की झाले.’ कणीक किती सैल? ‘पुरणाइतकी.’ कारण कणीक घट्ट नि पुरण मऊ असले, तर पोळी लाटताना फुटते. उकड किती मळायची? ‘पारीला कड चिरेनाशी होईपर्यंत.’ ही उत्तरे अडाणीपणाची नव्हेत. डाळ दरवेळी वेगळी, गूळ दरवेळी वेगळा, चूल वेगळी. तिथे मिनिटांचा काय उपयोग? उलथन्याची परीक्षा मात्र प्रत्येक घरी खरी ठरते.

आज पुरणपोळी दुकानात तयार मिळते, मोदक मिळतात, करंज्या मिळतात. त्यात वाईट काही नाही. नोकरी करून दमून आलेल्या बाईने सणाला पुन्हा खांदे मोडून घ्यावेत, असे कोण म्हणेल? पण विकत मिळते ती पोळी. उलथने उभे करायची खूण पुड्यात बांधून मिळत नाही. ती ज्या हातात आहे, तो हात थकला, की ती खूणही जाते.

तेव्हा वाचकहो, एक विनंती. पुढच्या सणाला घरी आई, आजी, सासूबाई, आत्या, जी कोणी पुरण घालीत असेल, तिच्याशेजारी वही घेऊन बसा. पुरुषांनीही बसा, वाटायला हात लावलात तर आणखी बरे. तिची मापे लिहा, तिच्या खुणा लिहा, ती कोणाकडून शिकली ते लिहा, तिच्या माहेरी सारणात काय घालीत नि सासरी काय घालायचे बंद झाले, तेही विचारा. आणि पानाच्या वरच्या बाजूला, राजांच्या पुस्तकांत जे राहून गेले ते आधी लिहा : तिचे पूर्ण नाव.